गॅरेजचं दार लावून गाडी ‘गरम’ करू नका, मेसेज बाबांनी पाठवला असला तरी

“हिवाळ्यात गाडी उभी ठेवणाऱ्यांनी जरूर वाचा! जपानी इंजिनिअरने सांगितलेली सात गुपिते.” दिवाळी संपली की हा मेसेज फिरायला लागतो. सोसायटीच्या ग्रुपवर आला, ऑफिसच्या ग्रुपवर आला, मी दोन्हीकडे सोडून दिला. आपल्याकडे हिवाळ्यात गाडी उभी कोण ठेवतं? उलट माळशेजला, ताम्हिणीला जायचे दिवस तेच. पण या वेळी बाबांनी तो थेट धाकट्याला पाठवला. तो असतो ब्रॅम्प्टनला, टोरोंटोच्या शेजारी. तिथे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल रस्त्यावर बर्फ, आणि बर्फावर टाकलेलं मीठ. त्यामुळे त्याची सेकंडहँड होंडा मोटरसायकल घराच्या गॅरेजमध्ये उभी असते. त्यानं भाड्यानं घेतलेली खोली बरोबर त्या गॅरेजच्या डोक्यावर आहे. त्याचा मला मेसेज: “दादा, बाबा म्हणतायत रोज दहा मिनिटं चालू ठेवायची. ठेवू का?”

नाही. म्हणून आधी तोच मुद्दा घेतो, मग उरलेले.

मेसेजमधला तिसरा मुद्दा असा: “रोज सकाळी गाडी दहा मिनिटे स्टार्ट ठेवावी. बाहेरची थंड हवा येऊ नये म्हणून गॅरेजचे दार खाली ओढून घ्यावे, इंजिन लवकर गरम होते.” हे वाक्य लिहिणाऱ्यानं बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिला असावा आणि गॅरेज फक्त पंक्चरवाल्याचं. पेट्रोल इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त ओढीनं त्याला धरून बसतं, म्हणजे माणूस श्वास घेत असतो आणि शरीर आतून गुदमरत असतं. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. ऐन थंडीत कुणालाही वाटावं की फ्लू झालाय. मग तो माणूस काय करतो? पांघरूण घेऊन झोपतो. त्याच खोलीत.

आपल्याकडे बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. तो हाच वायू. बाबांना गीझरचं पटतं, न्हाणीघराची वरची खिडकी ते कुणाला लावू देत नाहीत, आणि तेच बाबा मुलाला गॅरेजचं दार लावून गाडी चालू कर म्हणतात!

“दहाच तर मिनिटं” असं म्हणणारे भेटतीलच. गोम तिथेच आहे. थंडगार इंजिन सुरू होताना त्याला पेट्रोल जास्त आणि हवा कमी लागते, त्यामुळे ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड सगळ्यात जास्त त्याच वेळी बाहेर पडतो. नव्या गाडीला धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो हे खरं, पण तो शेकडो अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागत नाही. म्हणजे ही पहिली मिनिटंच सगळ्यात वाईट. दार उघडं ठेवलं तर? अमेरिकेची सीडीसी, म्हणजे त्यांची सार्वजनिक आरोग्याची सरकारी संस्था, स्वच्छ शब्दांत सांगते: घराला जोडून असलेल्या गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवू नका, गॅरेजचं दार उघडं असलं तरीही. यापुढे कुठल्या जपानी इंजिनिअरला विचारायची गरज मला वाटत नाही. ब्रॅम्प्टन ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टॅरिओत २०१४ पासून अशा घरांत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा आहे, तो काय शोभेला लावतात? धाकट्याला म्हटलं, आधी खोलीबाहेर जा आणि त्याचं टेस्टचं बटण दाबून बघ.

बरं, एवढा जीव धोक्यात घालून इंजिनाचं तरी भलं होतं का? तेही नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. गाडी नीट पळाली, तेल पुरतं तापलं, की ते वाफ होऊन निघून जातं. दहा मिनिटं जागच्या जागी घुरघुरलेल्या गाडीत ते सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्येच मुरतं. सायलेन्सर आतून गंजतो, ऑइल दुधाळ होतं. स्टार्टरनं बॅटरीतून जेवढं ओढलं तेवढं आयडलिंगवर भरून निघेलच असंही नाही. उभी गाडी उभीच राहू द्यावी.

बॅटरीवरून आठवलं. चौथं गुपित: बॅटरी काढून लाकडी फळीवर ठेवा, सिमेंटच्या लादीवर ठेवली तर लादी करंट खाते. हे आमच्या आजोबांच्या काळातलं आहे. तेव्हा बॅटरीच्या पेट्या लाकडी आणि डांबरी असत, त्यांतून गळती व्हायची. आताच्या प्लास्टिकच्या पेटीला लादी काय आणि पाट काय. मात्र बॅटरी काढून घरात ठेवा, हा अर्धा भाग बरोबर आहे, तेवढं मान्य. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे ५० अंशांपर्यंतही गोठत नाही, पण उतरलेली बॅटरी उणे १० च्या आसपासच गोठू लागते, आणि ब्रॅम्प्टनला उणे २० ची रात्र काही नवलाची नाही. तेव्हा पूर्ण चार्ज करून, आपोआप थांबणाऱ्या मेंटेनर चार्जरवर ठेवायची. फळी हवी तर घाला.

सहावं वाचून मी मोठ्यानं हसलो. टायरमधली हवा काढून टाका, नाहीतर ती गोठून टायर फाटतो! हवेतला नायट्रोजन द्रवरूप व्हायलाच उणे १९६ अंश लागतात, गोठणं त्याच्याही पुढे. कॅनडातलं आजवरचं नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान उणे ६३, युकॉनमधल्या स्नॅग इथलं, ३ फेब्रुवारी १९४७ चं. थंडीत हवेचा दाब कमी होतो, दर साडेपाच अंशांना सुमारे एक पीएसआय. म्हणून उलट गाडी ठेवताना हवा कंपनीनं सांगितली तेवढी पूर्ण भरायची, जमलं तर पॅडॉक स्टँडवर चाकं उचलून ठेवायची.

याच मुद्द्याच्या शेपटाला मात्र हसण्यासारखं काही नाही: “गाडी चालणार नाही तर महाग कूलंट कशाला? काढून साधे पाणी भरावे.” ही निफाडच्या थंडीतली अक्कल. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक फोडतं. एप्रिलमध्ये भंगारवाल्यालाच बोलवा मग. कूलंट म्हणजे निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी, आणि हे मिश्रण उणे ३७ च्या आसपासपर्यंत तग धरतं. त्याला हात लावू नये.

पाचवं, चेनला आणि डिस्कला गंज लागू नये म्हणून ऑइल मारा. चेनला जरूर मारा, आधी धुऊन, कारण त्या रस्त्यावरचं मीठ तिच्यात बसलेलं असतं. डिस्कला? ब्रेकच्या डिस्कला ऑइल? ते पॅडमध्ये मुरलं की पहिल्याच सिग्नलला ब्रेक लागत नाही. डिस्कवरचा लालसर थर चार ब्रेक मारले की जातो.

पहिलं गुपित टाकी रिकामी करण्याचं. इथे नाइलाजानं अर्धे मार्क देतो. जुन्या काही मॅन्युअलांत टाकी रिकामी करून आतून गंजरोधक तेल फवारायला सांगितलेलं असायचं. मेसेजवाल्यानं रिकामी करणं तेवढं उचललं, फवारणी गाळली. कोरडी लोखंडी टाकी आतून गंजते. सोपा उपाय म्हणजे फ्युएल स्टॅबिलायझर (उभ्या गाडीतलं पेट्रोल खराब होऊ न देणारं औषध) टाकून टाकी काठोकाठ भरायची आणि ते इंजेक्टरपर्यंत पोचेल एवढी गाडी फिरवून आणायची. रस्त्यावर. कार्बोरेटरवाल्यांनी फ्लोट बाउल, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल साठणारी वाटी, रिकामा करावा.

दुसरं, ऑइल वसंतात बदला. उलट. जुन्या ऑइलमधली आम्लं पाच महिने बेअरिंगला चाटत बसतात, म्हणून ते आधी बदलायचं.

उरलं सातवं: गाडी प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा, सायलेन्सरला बोळा लावा. प्लास्टिक नको, आत दमट हवा कोंडते. हवा खेळेल असं कापडी कव्हर घ्या. बोळा ठीक आहे, उंदीर खरंच आत घर करतात. फक्त तो भडक रंगाच्या फडक्याचा असू द्या, एक टोक बाहेर लोंबतं ठेवा, आणि तसंच एक फडकं गाडीच्या किल्लीला बांधून ठेवा.