जत्रेचं खाजं, घरच्या घरी

आंगणेवाडीची जत्रा कॅलेंडर बघून येत नाही. आधी देवीचा कौल, मग तारीख जाहीर. ती माझ्यापर्यंत पोचेस्तोवर कोकण रेल्वेची वेटिंग लिस्टसुद्धा भरलेली असते. यंदा जत्रा हुकली. दुःख झालं, आणि देवी माफ करो, त्यातलं निम्मं खाज्याचं होतं.

"घरीच करू की," बायको म्हणाली. ती सांगलीची. तिच्या लेखी बेसनाची जाड शेव गुळात घोळवली की झालं खाजं. कागदावर ते बरोबरच आहे.

सोऱ्याचा दांडा फिरवायला माझी नेमणूक झाली. खाज्याचं पीठ घट्ट, चकतीची भोकं बोटाएवढी, खाली तापलेलं तेल. दांडा फिरेना. फिरला तो अख्ख्या सोऱ्यासकट. मालवणहून आई व्हिडिओ कॉलवर देखरेख करत होती. "तेलात काय बघतंस? आवाज आयक. चुरचुर कमी झाली काय काढ." आवाज ऐकायला एग्झॉस्ट बंद केला, तर वरच्या मजल्यावर मिक्सर सुरू झाला.

तरी कांड्या छान झाल्या. खुसखुशीत, पिवळ्याधमक. तिथेच थांबून चहाबरोबर खाल्ल्या असत्या तर संसार सुखाचा झाला असता. पण खाजं म्हटलं की गूळ आला, सुंठ आली, तीळ आले. किती घालायचे? आईचं सगळ्याला एकच माप: "बेतान घाल." आमच्या डिजिटल काट्यावर ते बटण नाही.

खरी मेख पाकात असते. पाण्यात टाकल्यावर गोळी झाली की गॅस बंद करायचा, कांड्या टाकायच्या आणि हात न थांबवता हलवत राहायचं. गूळ रवाळ होतो, कांड्यांवर पांढरट थर धरतो आणि एकेक कांडी सुटी होते. जत्रेतला खाजेवाला हे भल्यामोठ्या कढईत, गिऱ्हाइकाशी भाव करता करता उरकतो. आमच्या किराणावाल्याने मात्र "पाकाला हाच घ्या" म्हणत चिकीचा गूळ बांधून दिला होता. पाकाला तो उत्तमच, फक्त चिकीच्या. त्याला तारा सुटतात, रवा धरत नाही.

मी हलवत राहिलो. तारा आधी कालथ्याला लागल्या, मग मनगटाला, मग चष्म्याच्या काडीला. हळूहळू सगळ्या कांड्यांनी एकमेकींना घट्ट धरलं. कालथा मधोमध उभा राहिला. मी हात सोडला तरी उभाच. बायकोने काही न बोलता खलबत्ता आणून ओट्यावर ठेवला.

"दाखय बघू," आई म्हणाली.

बायकोने फोन कढईवर धरला. पलीकडे बराच वेळ शांतता.

"खाजा रवांदे. ती कढई माझी मां?"

"आई, नेटवर्क जातंय गं," मी म्हणालो. पण फोन कापायला एकही बोट मोकळं नव्हतं, आणि बायको तो हातात धरून मजेत उभी होती.