एक उलटा, सतरा सुलटे

दुपारी अडीच वाजता माईंनी आतल्या खोलीतून विचारलं, “दूध लागलं का गं?”

दूध फ्रिजमध्ये होतं. लागलं होतं ते दिरांच्या टी-शर्टचं पोट. पण हे माईंना सांगायची सोय नव्हती, कारण सगळा घाट त्यांच्यासाठीच घातलेला आणि तो गुप्त. “नाही हो माई, झोपा तुम्ही,” असं म्हणून मी पंखा पाचवर केला आणि इस्त्रीच्या बुडाला चिकटलेले दीर उलथन्यानं खरवडायला बसले.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. शाळेत तेहेतीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर शाळा सुटली, तपासणं सुटलं नाही. घरी आलेली लग्नपत्रिका आधी पेन्सिलीखालून जाते, मग देवापुढे. एकदा दुधाच्या बिलावरचं ‘शिल्लक’ त्यांनी दुरुस्त करून परत पाठवलं होतं. दूधवाल्यानं ते बिल पुन्हा आणलंच नाही, त्यामुळे महिनाभराचं दूध आम्हाला फुकट पडलं असं आमच्या घरचे अजून सांगतात.

तर या माईंचं सहस्रचंद्रदर्शन. साडेएकोणतीस दिवसांनी एक पौर्णिमा, म्हणजे हजार पौर्णिमांना ८० वर्षं आणि वर दहाएक महिने लागतात. इतकी आगाऊ सूचना फार थोड्या कार्यांना मिळते. तरी आमची तयारी सुरू झाली ती शेवटच्या पंधरा दिवसांत, आणि तीही नणंदेच्या मुलाच्या एका मेसेजनं : “मामी, पैठण्या सगळेच नेसतात. आपलं काहीतरी ब्रँडेड हवं.”

ब्रँडेड म्हणजे सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट. छातीवर पूर्ण चंद्र, खाली ‘माई ८१’ आणि त्याखाली सोहळ्याचं नाव. माणसं सतरा. स्टेशनजवळच्या छपाईवाल्यानं सांगितलं, पंचवीसच्या खाली ऑर्डर घेत नाही, नगाला २५० रुपये. आता उरलेले आठ नातेवाईक आणायचे कुठून? आहेत ते सतरा एकत्र बसवतानाच कोण कुणाशी बोलत नाही याचा तक्ता करावा लागला होता.

तेवढ्यात भाच्यानं व्हिडिओ पाठवला. चार मिनिटांचा. पाठीमागे बासरी. एक सडपातळ मुलगी कागदावर चित्र छापते, टी-शर्टवर ठेवते, वरून इस्त्री फिरवते, कागद सोलते, हसते. घाम नाही, शेजारी सासू नाही. मी म्हटलं, यात काय आहे, घरीच होईल. लग्नानंतर मी उच्चारलेलं सगळ्यात महागडं वाक्य.

कागद आणायला मस्जिद बंदरला उतरून अब्दुल रहमान स्ट्रीटवर गेले. मला वाटलं होतं, ‘टी-शर्टवर छापायचा कागद द्या’ म्हटलं की झालं. दुकानदारानं उलट माझीच तोंडी परीक्षा घेतली. “इंकजेट का लेझर? लाइट का डार्क?” लाइट म्हणजे पांढऱ्या कपड्यासाठी. त्याच्यावर नुसता पारदर्शक पापुद्रा असतो, शाई त्यावर बसते आणि इस्त्रीच्या उष्णतेनं तो पापुद्रा वितळून शाईसकट कपड्यात शिरतो. डार्कला मात्र खाली पांढरा थर असतो, नाहीतर काळ्या कपड्यावर चंद्र अमावास्येचा दिसेल. आमच्या घरच्यांना काळेच टी-शर्ट हवे होते, पोट दिसत नाही म्हणून. डार्कच्या पाकिटाची किंमत ऐकून मी त्यांचं पोट दिसू द्यायचं ठरवलं.

माझा मनसुबा ऑफिसातल्या प्रिंटरवर छापून घ्यायचा होता. तो लेझर. मी सहज तसं म्हटलं तर दुकानदारानं हातातलं पाकीट मागे ओढलं. म्हणे, लेझर प्रिंटरच्या पोटात शाईची पूड तापलेल्या रुळानं कागदावर भाजतात. इंकजेटचा हा कागद आत गेला तर पापुद्रा त्या रुळालाच जाऊन बसेल. थोडक्यात ऑफिसच्या प्रिंटरवर ‘माई ८१’ कायमचं उमटलं असतं आणि मला लेखी खुलासा द्यावा लागला असता. मी निमूट इंकजेटचे दोन गठ्ठे घेतले आणि घरच्या प्रिंटरसाठी शाई. आमचा प्रिंटर मुलीच्या आठवीतल्या प्रोजेक्टनंतर वाळून बसला होता.

टी-शर्ट डोंबिवलीतच मिळाले, वीस नग, १९० रुपयांप्रमाणे. शंभर टक्के सुती, १८० जीएसएम, म्हणजे चौरस मीटर कापडाचं वजन १८० ग्रॅम. “माल तिरुपूरचा आहे,” असं दुकानदार म्हणाला. तिरुपूर म्हणजे तमिळनाडूतलं टी-शर्ट बनवणारं गाव. टी-शर्ट विकणारा प्रत्येक जण हे म्हणतो आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. सुतीच हवेत हे मी पाकिटावर वाचलं होतं. दीर मात्र नाशिकहून स्वतःचा खेळाचा घामशोषक टी-शर्ट पाठवून मोकळे झाले, “मला सुती टोचतं.” त्यांचं पुढे काय झालं ते वर आलंच आहे.

भाच्याचं डिझाइन आलं. चंद्र सुरेख. खाली मात्र अक्षरांची फाटाफूट झालेली. त्याच्या इंग्रजी सॉफ्टवेअरला जोडाक्षरं ही भानगडच माहीत नाही. स वेगळा, पाय मोडका, र कुठेतरी पुढच्या गल्लीत, रफार जमिनीवर. “मामी, मला तर वाचता येतंय,” असं तो म्हणाला. तो इंग्रजी माध्यमातला. मग तेवढी एक ओळ मी मोबाइलवर स्वतः टाइप केली. चार अक्षरं टाकली तोच पट्टीवर पूर्ण शब्द आयता आला, ‘सहस्त्रचंद्रदर्शन’. मी त्यावर टिचकी मारली आणि यंत्राचं कौतुक केलं.

यानंतरचं काम माईंच्या वामकुक्षीत. एक ते चार.

इस्त्रीचं टेबल चालत नाही, ते मऊ असतं, दाब खातं. खाली कठीण आणि सपाट हवं. ओट्याचा ग्रॅनाइट उष्णता गिळतो. डायनिंग टेबलावर सनमायका. शेवटी देवघरातला पाट काढला. अगदी योग्य उंची, वरून दोन्ही हातांनी सगळं वजन टाकता येतं. पहिला टी-शर्ट अंथरला, कागद पालथा घातला, मनातल्या मनात बासरी लावली आणि इस्त्री दाबली. सोललं तर काय, चंद्रावर पाटाच्या पितळी फुल्या उमटलेल्या. ते एक वेळ खड्डे म्हणून खपले असते. पण अक्षरं उलटी. कागद पालथा घालायचा म्हणजे छापताना चित्र आरशातल्यासारखं उलटं छापायचं असतं, हे त्या मुलीनं व्हिडिओत दाखवलं होतं म्हणे. मी तेव्हा तिचा ओटा बघत होते. ‘माई ८१’चे आकडे फिरून माई थेट अठराच्या झाल्या होत्या. तो टी-शर्ट मी फडक्यांच्या पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी पाट पालथा घातला, चित्र उलटं छापलं. या वेळी चंद्राला देवी आल्या. आमची इस्त्री वाफेची, तिच्या बुडाला भोकं. भोकांखाली उष्णता पोचत नाही, तेवढे ठिपके कागदावरच राहतात. मग मी नवी साधी इस्त्री आणली, १,२५० रुपये. तिनं छापलेला गरम असतानाच सोलला तर ‘सहस्त्रचं’ कागदावर आणि ‘द्रदर्शन’ छातीवर. कागद गरम सोलायचा की गार होऊ द्यायचा, हे ज्या त्या कागदाच्या जातीवर असतं. पाकिटावर ते लिहिलेलं होतं, नेमकं तेवढंच चिनीत.

एक गोष्ट मात्र इथे कबूल केली पाहिजे. चित्राभोवतीचा रिकामा पापुद्रा कापून टाकावा लागतो, नाहीतर कपड्यावर पिवळट चकाकी राहते. इंग्रजी नाव असतं तर अक्षर न् अक्षर सुटं कापून पुन्हा ओळीत मांडत बसावं लागलं असतं. आपला अख्खा शब्द शिरोरेषेला लटकून एका तुकड्यात निघतो, दोरीवरच्या कपड्यांसारखा. देवनागरीचं असं कौतुक मी परीक्षेत लिहिलं असतं तर माईंनी गुण दिले असते.

तीन दिवसांत तीन टी-शर्ट आणि एक दीर, एवढीच प्रगती. कार्य रविवारवर. शेवटी शुक्रवारी सगळं बोचकं घेऊन बिल्डिंगखालच्या इस्त्रीवाल्याकडे गेले. त्याची कोळशाची इस्त्री, बुडाला एकही भोक नाही, आणि वजन इतकं की मला ती एका हातानं जागची हलली नाही. त्यानं कागद बोटांनी चोळून बघितला. “मॅडम, ये प्लास्टिक है. हमारा लोहा खराब होगा.” मी बटर पेपर पुढे केला, नगाला दहा रुपये कबूल केले. त्यानं बुडावर पाण्याचे दोन थेंब शिंपडले, ते चुर्र करून उडाले, मान डोलावली. मग कागदावर इस्त्री ठेवली आणि नुसता उभा राहिला. फिरवली नाही, घासली नाही. “घुमाना नहीं, दबाके छोडना,” एवढंच म्हणाला. गार झाल्यावर कागद सोलला, चंद्र काठासकट उतरला होता. मी तीन दुपारी जे करत होते त्याला आमच्याकडे कणीक मळणं म्हणतात. तासाभरात सतरा नग. दीरही नाइलाजानं सुतीत आले.

शनिवारी संध्याकाळी सगळे जमले. सतरा घड्या सतरा पिशव्यांत, वर नावं. मी चार दिवसांत पहिल्यांदा पाय लांब करून चहा घेत होते. आणि आतून हाक आली, “इकडे ये गं जरा.”

माईंना रोज संध्याकाळी कपड्यांच्या घड्या लागतात. कामवाल्या बाईंनी फडक्यांच्या पिशवीतला तो उलटा टी-शर्ट चांगला दिसला म्हणून धुऊन वाळत घातला होता. तो माईंच्या हाती लागला. वाचता येईना. आता समोर अक्षर आहे आणि ते वाचता येत नाही, हे माई सहन करतील? त्या तो टी-शर्ट छातीशी धरून कपाटाच्या आरशासमोर उभ्या होत्या. आरशात सगळं सुलट दिसत होतं.

मला वाटलं, गुपित फुटलं म्हणून डोळ्यांत पाणी बिणी असेल. पाणी नव्हतं. चष्मा होता.

“सहस्रात त कुठून आला?”

मी आरशात बघितलं. खरंच होता. माझ्या मोबाइलच्या पट्टीवरून उतरून, उलटा होऊन, इस्त्रीवाल्याच्या निखाऱ्यांखालून जाऊन तो त सतरा छात्यांवर जाऊन बसला होता. तेही न सुटणारा. सगळे दारात गोळा झाले. भाचा म्हणाला, “आजी, सगळे असंच लिहितात.” या घरात या वाक्याला काय किंमत आहे हे त्याला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

“किती आहेत?” माईंनी विचारलं.

“सतरा.”

“आणा.”

रात्री नऊ ते साडेदहा माई जेवणाच्या टेबलावर बसल्या. भाचा धावत जाऊन न पुसला जाणारा लाल मार्कर घेऊन आला. एकेक टी-शर्ट पुढे सरकवायचा, माई चुकीच्या अक्षराभोवती गोल करायच्या, वर स्वच्छ ‘स्र’ लिहायच्या, समासात म्हणजे डाव्या बाहीजवळ गुण आणि खाली सही. सगळ्यांना दहापैकी सारखेच, ९॥. जुन्या पद्धतीनं, पुढे दोन उभ्या रेघांचा अर्धा. दिरांनी विचारलं, माझा टी-शर्ट जास्त चांगला इस्त्री केलाय तर दहा का नाहीत. त्यांना अक्षर नीट नव्हतं म्हणून शाळेतही कधी पैकीच्या पैकी मिळाले नव्हते, हे तेव्हा सगळ्यांसमोर निघालं.

रविवारी ओवाळताना आम्ही सतराच्या सतरा तपासलेल्या वह्यांसारखे ओळीत उभे होतो. गुरुजींनी मंत्र म्हणताना दोनदा माईंकडे बघून घेतलं.

हिशेब मी नंतर मांडला. टी-शर्ट ३,८००, कागद ९००, शाई ८००, इस्त्री १,२५०, इस्त्रीवाला १७०. एकूण ६,९२०. स्टेशनजवळच्या छपाईवाल्याकडून पंचवीस घेतले असते तरी ६,२५० झाले असते आणि आठ उरले असते. यात दिरांचा जळालेला टी-शर्ट धरलेला नाही. तो ते दर सणाला आठवणीनं धरतात.

आतली बाजू बाहेर काढून, गार पाण्यात, हातानं धुवा, असं मी सगळ्यांना लिहून कळवलं होतं. सगळ्यांनी मशीनला लावले. तिसऱ्या धुण्यात चंद्राला घाटातल्या रस्त्यासारख्या भेगा गेल्या, पाचव्यात शब्द सोलून निघाला, ‘त’सकट. माईंची लाल शाई तशीच आहे. दीर रोज सकाळी गोदेच्या काठानं तो घालून फिरायला जातात, पांढऱ्या छातीवर नुसता एक लाल गोल, वर ‘स्र’ आणि बाहीजवळ ९॥. परवा एकानं थांबवून विचारलं म्हणे, हा कुठला ब्रँड?

भाचा आता त्याच्या टोप्या काढू या म्हणतोय. नवी इस्त्री मी भंगारवाल्याला देऊन टाकली आहे.