याकच्या दुधाचा हिशेब

काल कट्ट्यावर वाद रंगला तो याकच्या दुधावरून. नियमित व्यायाम करणाऱ्या मित्राचा दावा असा होता, की हे दूध गाईच्या दुधाच्या दीडपट पौष्टिक असते. त्याचे आकडे खरे होते. गाईच्या दुधात साधारण 3.5 ते 4 टक्के स्निग्धांश आणि 3.3 टक्के प्रथिने असतात. याकच्या दुधात स्निग्धांश 5.5 ते 7.5 टक्के, तर प्रथिने 5 टक्क्यांच्या आसपास असतात.

दुग्धशास्त्र शिकलेल्या मैत्रिणीने मात्र त्याला तिथेच मोबाईलवर गणित करायला लावले. याकच्या दुधात घनपदार्थ 16 ते 18 टक्के आणि गाईच्या दुधात 12 ते 13 टक्के, म्हणजे मुळात पाण्याचेच प्रमाण वेगळे. 100 मिलिलीटरमागे याकच्या दुधातून 100 च्या जवळपास कॅलरी मिळतात आणि गाईच्या दुधातून सुमारे 65. त्यामुळे 100 कॅलरींमागे किती प्रथिने पोटात जातात हे मोजले, तर दोन्हीकडे उत्तर 5 ग्रॅमच्या आगेमागेच येते. पेल्याला पेला लावून तुलना करणे फसवे आहे, हे तिचे म्हणणे मला पूर्णपणे पटले.

यावर हिमालयात भटकंती करणाऱ्या मित्राने हरकत घेतली. समुद्रसपाटीपासून 4,000 मीटरवरच्या थंडीत दिवसभर जनावरांमागे फिरणाऱ्या माणसाला कमी दुधात जास्त कॅलरी मिळणे हीच मोठी गोष्ट आहे आणि याकची मादी दिवसाला एक-दोन लिटरच्या पुढे क्वचितच जाते, याची आठवण त्याने करून दिली. त्या दुधात आरोग्याला उपकारक मानले जाणारे ओमेगा-3 आणि संयुग्मित लिनोलेइक आम्ल हे स्निग्धांशातले घटकही अधिक असतात, असे त्याने पुढे सांगितले. तेही खरेच आहे. पण त्याचे बरेचसे श्रेय उंचावरच्या कुरणांतल्या हिरव्या चाऱ्याला द्यावे लागेल, कारण कुरणात चरणाऱ्या गाईच्या दुधातही हे घटक वाढतात.

आमच्यातल्या डॉक्टरची काळजी वेगळी होती. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर दोन्ही दुधांत जवळपास सारखेच, 4.5 ते 5 टक्के असते; त्यामुळे ज्याला ते पचत नाही त्याला याकच्या दुधाने आराम पडण्याचे कारण नाही. ज्याला गाईच्या दुधातील प्रथिनांची अ‍ॅलर्जी आहे, त्याने तर याकचे दूध सुरक्षित पर्याय म्हणून मुळीच आजमावू नये, कारण हे प्राणी एकमेकांचे इतके जवळचे आप्त आहेत की त्यांची प्रथिनेही बरीच मिळतीजुळती असतात. हे तिने दोनदा बजावले आणि ते योग्यच होते.

तरीही व्यायामपटू मागे हटेना. प्रथिनांसाठी मग काय खावे, असे त्याने विचारले. दुग्धशास्त्रवाल्या मैत्रिणीने छुर्पी या चीजचे नाव घेतले. ती करताना नेपाळ, सिक्कीम आणि अरुणाचल प्रदेशात दुधातले लोणी काढून घेतात, उरलेले ताक उकळून फाडतात आणि तो चोथा दाबून वाळवतात. टणक छुर्पीचा तुकडा बराच वेळ तोंडात घोळवल्याशिवाय दाताने तुटत नाही. लोणी आधीच निघालेले असल्यामुळे तिच्यात कॅलरीमागे प्रथिनांचे प्रमाण खरोखरच वाढलेले असते. मात्र छुर्पी गाईच्या दुधाचीही करतात.