दारात बसलेला उपाशी माणूस

परवा घरच्या ग्रुपवर आतेभावाने लिहिलं, "पतसंस्थेच्या अध्यक्षाच्या बंगल्यासमोर उपोषणाला बसणं म्हणजे शुद्ध ब्लॅकमेल. आयर्लंडमध्ये असलं चालतं का?" त्या मांडवात माझी आई पतसंस्थेत अडकलेल्या ठेवीसाठी बसलीय, आणि मी आयर्लंडमध्ये राहतो, हे माहीत असून लिहिलं.

चालत होतं, दादा. कायद्याने चालत होतं. सातव्या-आठव्या शतकातल्या आयरिश कायद्यात त्याला 'ट्रोस्कद' म्हणत. साध्या माणसाचं राजाकडून, बिशपकडून काही येणं बाकी असेल, तर त्यांची गुरं थेट ओढून नेता येत नसत. आधी दारात उपाशी बसायचं. मग त्या बड्या असामीने देणं फेडण्याचं तारण द्यायचं. न देता आत जेवला, तर देणं दुप्पट, आणि अब्रू गेली ती गेलीच. उलट, रास्त तारण देऊ केल्यावरही जो हट्टाने बसून राहील, त्याचा दावा बुडे. ब्लॅकमेल आणि हक्क यांतली रेघ ही अशी आखलेली होती. मराठेशाहीत आपल्याकडेही सावकार धरणं धरून दारात बसे, आणि तो उपाशी तोवर कर्जदारही जेवत नसे. हे तुला माझ्याआधी माहीत असायला हवं.

इथले संत तर देवाच्याही दारात बसत. संत पॅट्रिक क्रो पॅट्रिकच्या डोंगरावर चाळीस दिवस उपाशी राहिला, आणि जुनी चरित्रं सांगतात की मागण्या मान्य झाल्याशिवाय उतरायला तयार नव्हता. शेवटच्या दिवशी आयरिश लोकांचा निवाडा मीच करणार, हीसुद्धा एक मागणी. आपण देव पाण्यात घालून बसतो, तेच हे.

जुलैच्या शेवटच्या रविवारी मी तो 764 मीटरचा डोंगर चढलो. माथ्याजवळच्या निसटत्या दगडांवरून एक आजोबा अनवाणी उतरत होते. काठी टेकायची, दगड हलत नाही ना बघायचं, मग पाय ठेवायचा. टाच फुटून रक्त आलेलं. कुणी त्यांना नाटकी म्हटलं नाही. लोक बाजूला सरून वाट देत होते.

ती ठेव आईला मीच ठेवायला लावली होती, एक टक्का व्याज जास्त म्हणून. बाबांच्या ग्रॅच्युइटीचे पैसे. दारात मी बसायला हवा होतो, आणि मी इथे गॉलवेत बसून तुला आठव्या शतकातला कायदा शिकवतोय. आईला गोळ्या उपाशीपोटी चालत नाहीत. मी तिकीट बघतोय, सोमवारच्या आधीचं मिळत नाही. तुझं घर त्या मांडवापासून चार किलोमीटरवर आहे. तोवर तू जाऊन तिच्या शेजारी बस.