पाटी एक, झाड भलतंच

झाड घरी आलं तेव्हा कुंडीत खोचलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर 'ख्रिसमस कॅक्टस' असं ठसठशीत छापलेलं होतं. छापील मजकुरावर माझा आंधळा विश्वास. त्यामुळे डिसेंबर लागताच मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन कुंडीसमोर हजर. नाताळ आला, गेला, झाड ढिम्म.

मग वाचन सुरू झालं. कळ्या धरायला याला रोज बारा-चौदा तास सलग अंधार लागतो, तोही सहाएक आठवडे. म्हटलं, उशिरा का होईना, फुलवूच. जानेवारीपासून संध्याकाळी सहाला झाडावर पुठ्ठ्याचा खोका घालायचा, सकाळी आठला काढायचा. "अहो, अंगाईपण म्हणा की," असं बायको म्हणाली, ते मी मनावर घेतलं नाही. पण आत अंधार नीट पडलाय ना, हे बघायला मी रात्री दहाला टॉर्च लावून खोक्यात डोकावलो, तेव्हा तिने काहीच न बोलता नुसतं पाहिलं. ते जास्त लागलं.

फेब्रुवारी सरत आला तरी कळी नाही. आता संशय पाटीवर. भिंग काढलं. याची पानं म्हणजे खरं तर पानं नव्हेतच, चपटी झालेली खोडं. त्यांच्या कडेला खेकड्याच्या नांगीसारखे टोकदार दात असतील तर तो थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या नावाचा कॅक्टस, नोव्हेंबरात फुलणारा. कडा गोलसर असतील तर अस्सल ख्रिसमस. आमच्या कडा गोल! पाटी खरी, झाड अस्सल, दोष माझ्या टॉर्चचा. मी ही बातमी घरभर सांगितली.

"पण बाबा, याला मिशा आहेत," लेक भिंगातून बघत म्हणाली. प्रत्येक तुकड्याच्या टोकाला बारीक, राठ केस होते. "असतात एखाद्याला," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं सर्वात अशास्त्रीय वाक्य.

एप्रिलमध्ये त्या मिशांतूनच कळ्या फुटल्या. ख्रिसमस कॅक्टसचं फूल लांबट, एका फुलातून दुसरं ओढून काढल्यासारखं. हे मात्र सरळ उघडलेली लालभडक चांदणी. म्हणजे हा ईस्टर कॅक्टस. मिशा हीच त्याची ओळख, आणि ती घरातल्या सर्वात लहान माणसाने पटवली होती.

माझ्या समाधानासाठी सांगतो, शास्त्रज्ञांचीही याने दमछाक केली आहे. हॅटिओरा, ऱ्हिप्सालिडॉप्सिस, श्लुम्बर्गेरा अशा तीन प्रजातिनामांखाली हा फिरून आलाय, बदलीच्या नोकरीतल्या माणसासारखा. ही सगळी भावंडं मूळची ब्राझीलच्या जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढणारी. तिथे ऋतू उलटे, त्यामुळे तो नांगीवाला तिकडे चक्क 'मे महिन्याचं फूल' म्हणून ओळखला जातो. आपल्या नावात सण घुसवलेत, हे त्यांच्या गावीही नसणार.

मी पट्टी उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने 'ईस्टर कॅक्टस' लिहिलं आणि सुटलो. पाणी घालताना बायकोने ती काढली आणि परत खोचली, छापील बाजू पुढे. त्याच संध्याकाळी आलेल्या पाहुण्यांनी पाटी वाचली, फुलं बघितली, आणि चष्मा सावरत मला म्हणाले, "अवेळी फुललाय. याला ना, रोज अंधारात ठेवत जा."