‘हार्ड रिसेटिंग लिंक’ दिसलं म्हणजे डिस्क गेली?

घरचा नॅस (नेटवर्कवरून फाइली पुरवणारा डिस्कचा डबा) किंवा ऑफिसातला छोटा लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांत एक मेसेज सारखा फिरत असतो. मजकूर साधारण असा: लॉगमध्ये ‘हार्ड रिसेटिंग लिंक’ आलं की हार्डडिस्क गेली, रिसेट झाला की तिच्यावरचा डेटा उडतो, कंट्रोलर (डिस्क आणि बाकी संगणक यांच्यामधली चिप) ही नुसती जोडणीची पट्टी, त्याचा दोष नसतोच, म्हणून लगेच एफएसचेक (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम) चालवा आणि डिस्क बदला. चारही मुद्दे चुकीचे आहेत आणि शेवटचा तर महागात पडणारा आहे.

आधी कंट्रोलर. साटाच्या (डिस्क जोडण्याच्या नेहमीच्या जोडणीच्या) एएचसीआय पद्धतीत कर्नल (लिनक्सचा गाभा) रॅममध्ये कमांड लिहून ठेवतो, शेजारी डेटा कुठल्या पत्त्यांवर उतरवायचा याची यादी, आणि कंट्रोलरच्या रजिस्टरमध्ये एक बिट लावतो. पुढे कमांड उचलणं, डिस्ककडे पाठवणं, आलेला डेटा थेट रॅममध्ये टाकणं हे सगळं कंट्रोलर स्वतः करतो आणि शेवटी इंटरप्ट, म्हणजे काम झाल्याचा इशारा, देतो. एका पोर्टवर अशा ३२ कमांड एकाच वेळी चालू असू शकतात. सीपीयूने स्वतः डेटा वाहायचा तो जुन्या आयडीईचा पीआयओ जमाना. एवढं काम करणाऱ्या चिपला पट्टी म्हणणं धाडसाचंच.

आता रिसेट. कमांडला ३० सेकंदांत उत्तर आलं नाही की कर्नल थांबतो; लिनक्समध्ये हाच नेहमीचा टाइमआउट. डिस्क अडकली, केबलने घोळ घातला की कंट्रोलर गप्प बसला, हे त्या क्षणी त्याला ठाऊक नसतं. म्हणून तो पोर्ट गोठवतो (लॉगमधलं ‘फ्रोझन’ ते हेच) आणि लिंक, म्हणजे कंट्रोलर आणि डिस्कमधली जोडणी, नव्याने उभी करतो (‘हार्ड रिसेटिंग लिंक’ ते हेच). दोन्ही टोकं वेग पुन्हा ठरवतात, डिस्क आपली ओळख पुन्हा देते, अर्धवट राहिलेल्या कमांड परत पाठवल्या जातात. यात प्लॅटरवर (डिस्कमधल्या चकतीवर) लिहिलेल्याला कोणी हात लावत नाही. एसएमपीएसचा (वीजपुरवठ्याच्या डब्याचा) व्होल्टेज पडून डिस्कच बंद-चालू झाली असेल तर मात्र तिच्या कॅशमधलं, प्लॅटरवर न उतरलेलं लिखाण खरोखर जातं. पण तो दोष विजेचा. रिसेट त्याचा परिणाम.

जुन्या पॅरलल स्कझीवर (अनेक डिस्क एकाच सामाईक तारांवर, म्हणजे बसवर, जोडायची पद्धत) तर हे आणखी उघड दिसायचं. रिसेटची तार सगळ्यांची एकच. एका डिस्कने बस अडवली की अडॅप्टर (तिथला कंट्रोलर) आधी ती कमांड रद्द करून बघायचा, मग ते डिव्हाइस रिसेट, आणि तेही जमलं नाही तर अख्खी बस. मग शेजारच्या धडधाकट डिस्कच्याही चालू कमांड गळायच्या आणि पुढच्या कमांडला ती ‘युनिट अटेन्शन’ (मध्ये माझा रिसेट झाला) म्हणायची. लॉगमध्ये नाव दिसलं म्हणून तिलाच काढणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

खरं कारण रिसेटच्या वरच्या ओळींत असतं. तिथे ‘बॅडसीआरसी’ (डेटा वाटेत बिघडला) असेल आणि स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीतला) १९९ क्रमांक, म्हणजे अशा चुकांची मोजणी, वाढत असेल, तर आधी केबल बदला. केबल खराब असेल तर कर्नल कधीकधी स्वतःच वेग ६ वरून ३ गिगाबिटवर आणतो. ‘यूएनसी’ (सेक्टर वाचता आला नाही) असेल आणि १९७, म्हणजे अशा संशयित सेक्टरची मोजणी, चढत असेल, तर डिस्क बदलायची वेळ आली.

आणखी एक प्रकार रेडवाल्यांना (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणाऱ्यांना) छळतो. डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचायचा प्रयत्न ३० सेकंदांहून जास्त वेळ करत बसू शकते. तेवढ्यात कर्नल रिसेट करतो आणि एका सेक्टरपायी सबंध डिस्क रेडबाहेर जाते. नॅससाठीच्या डिस्क बहुधा ७ सेकंदांत हार मानून चूक कळवतात. ही सोय नसेल तर कर्नलचा टाइमआउट १८० सेकंदांवर न्यावा.

राहिला एफएसचेक. तो डिस्कवर लिहितो. केबल किंवा डिस्क शंकास्पद असताना दुरुस्तीचं लिखाण करणं म्हणजे असलेलं बिघडवणं. आधी केबल बदला, मग डीडीरेस्क्यू या खराब डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा आणि एफएसचेक चालवायचाच तर त्या प्रतीवर चालवा.