लेस की फ्यूअर? जाऊ द्या हो!

इंग्रजी शिकवणाऱ्या कुठल्याही पेजवर एक वाद हमखास रंगतो. कुणीतरी ‘कमी लोक’ या अर्थी ‘लेस पीपल’ लिहितं आणि खाली लगेच मंडळी धावून येतात. मोजता येतं तिथे फ्यूअर, मोजता येत नाही तिथे लेस, एवढंही माहीत नाही? आणि हे सांगताना सूर असा की समोरच्याने सोवळ्यात शिवाशिव केली.

माझं मत स्पष्ट आहे. या जोडीवर आपण जितका जीव काढतो, तितकी तिची लायकी नाही.

मुळात हा नियम आला कुठून? इंग्लंडमधल्या राजा आल्फ्रेडच्या नवव्या शतकातल्या लिखाणात ‘लेस’ चक्क शब्दांच्या संख्येसाठी आलेला आहे, आणि शब्द तर बोटांवर मोजता येतात. पुढे शेकडो वर्षं इंग्रज लोक तसंच लिहीत-बोलत राहिले. मग १७७० मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थाने इंग्रजीबद्दल एक पुस्तक छापलं. त्यात त्याने म्हटलं की ‘नो लेस दॅन अ हंड्रेड’पेक्षा ‘नो फ्यूअर दॅन अ हंड्रेड’ मला जास्त डौलदार वाटतं, आणि जास्त योग्यही. ‘मला वाटतं’ हं! आवड होती ती त्याची. नंतरच्या व्याकरणकारांनी तिचा कायदा केला.

हा बेकर माणूस मोठा गमतीचा. सॅम्युएल जॉन्सनचा गाजलेला मोठा इंग्रजी शब्दकोश १७५५ मध्येच आला होता, पण आपण तो पाहिलेलाही नाही, हे तो स्वतःच लिहितो. ओळखीत कुणाकडे नाही, म्हणून उसनाही मिळाला नाही. स्वतःकडची पुस्तकं म्हणाल तर चर्चला जाणाऱ्या एखाद्या म्हातारीच्या फळीवर असतील त्याहून फार जास्त नाहीत. अशा माणसाच्या आवडीवर आज आपल्याकडची पोरं स्पर्धा परीक्षेत मार्क घालवतात.

शिवाय, उलट बाजूचं बघा. ‘मोअर वॉटर’ चालतं, ‘मोअर पीपल’ही चालतं. जास्तीला एक शब्द पुरतो, मग कमीलाच दोन का लागावेत? आणि नियमाचे कट्टर पाईकसुद्धा ‘फ्यूअर दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज’ म्हणत नाहीत, लेसच म्हणतात. रुपये मोजता येत नाहीत की काय? ब्रिटनमध्ये टेस्को या दुकानांच्या साखळीत झटपट काउंटरवर ‘टेन आयटम्स ऑर लेस’ अशा पाट्या असायच्या. भाषेच्या पहारेकऱ्यांनी त्यावरून इतकी कटकट केली की २००८ मध्ये टेस्कोने पाट्या बदलून ‘अप टु टेन आयटम्स’ असं लिहायचं ठरवलं. लेसही नको नि फ्यूअरही नको. मला विचाराल तर सगळ्यात शहाणं टेस्कोच निघालं.

म्हणजे इंग्रजी शब्दांमधले फरक शिकूच नयेत का? शिकावेत की. पण माझी कसोटी एवढीच, की चुकीचा शब्द वापरल्यावर ऐकणाऱ्याला काही भलतंच कळतं का? ‘लेस पीपल’ ऐकून कुणालाही काही वेगळं कळत नाही. ज्या जोड्यांमध्ये खरोखर घोटाळा होतो, तिथे बहुतेक वेळा आपला एकच मराठी शब्द दोन इंग्रजी शब्दांचं काम करत असतो.

‘उसनं’ घ्या. आपण उसनं देतो आणि उसनंच घेतो, दिशा क्रियापद सांगतं. इंग्रजीत लेंड आणि बॉरो अशा दोन वेगळ्या वाटा. म्हणून ‘बॉरो मी युवर पेन’ होतं. पेन मिळतो, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेत नाही.

‘पर्यंत’ जास्त धोक्याचा. ‘सोमवारपर्यंत रिपोर्ट पाठवते’ आणि ‘सोमवारपर्यंत रजेवर आहे’, आपल्याला दोन्हीकडे तोच प्रत्यय. इंग्रजीत पहिल्याला बाय, दुसऱ्याला टिल. ‘सेंड द रिपोर्ट टिल मंडे’ वाचून परदेशातला माणूस विचारात पडेल की रोज पाठवत राहायचाय का. आणि ‘ऑफिस विल बी क्लोज्ड बाय मंडे’ म्हणालात, तर सोमवार उजाडेस्तोवर कंपनीला टाळं लागलेलं असेल असा अर्थ निघू शकतो!

पण माझी लाडकी जोडी डाउट आणि क्वेश्चन. मराठीत शंका विचारतात आणि शंका घेतातही. विचारणारा जिज्ञासू, घेणारा संशयी. पुन्हा क्रियापदच सगळं सांभाळून घेतं. आपण ‘शंका’ उचलून तिथे ‘डाउट’ ठेवला आणि क्रियापद मात्र इकडेच राहिलं. भारतात याने काही बिघडत नाही. क्लासमध्ये डाउट विचारले जातात, डाउट क्लिअर होतात, ही आपली इंग्रजी आहे आणि मला तिची लाज वाटत नाही. पण लंडनच्या क्लायंटला ‘आय हॅव अ डाउट अबाउट युवर फिगर्स’ असा मेल गेला, तर त्याला ‘तुमच्या आकड्यांवर माझा विश्वास नाही’ असं ऐकू येतं. तुम्हाला फक्त तिसऱ्या रकान्याबद्दल विचारायचं होतं. तिथे ‘क्वेश्चन’ लिहा, तेवढ्याने काम होतं.

आणि हो, परीक्षेला बसणाऱ्यांनी माझं ऐकून पेपरात ‘लेस स्टुडंट्स’ला बरोबरची खूण करू नका. तिथे अजून बेकरसाहेबांचंच राज्य आहे.